संपाचे दिवस, पडद्याचे तास

आवडत्या पुस्तकावर चित्रपट निघाला की वाचकांची पहिली तक्रार गाळलेल्या प्रसंगांविषयी असते आणि दुसरी नटनट्यांच्या चेहऱ्यांविषयी; पण या दोहोंपेक्षा मोठी अशी एक हानी होत असते, जिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, आणि ती म्हणजे पुस्तकातल्या रिकाम्या वेळाची. कादंबरीतली माणसे पत्राची, पावसाची किंवा परतणाऱ्या माणसाची वाट पाहतात, तेव्हा वाचकालाही पाने उलटत त्यांच्याबरोबर थांबावे लागते. चित्रपटाला मात्र दोन-अडीच तासांत सारे आटोपायचे असल्याने तो नेमका हा थांबण्याचा काळच कात्रीखाली धरतो. ज्यांचे बालपण संप आणि बंद यांच्या सावटाखाली गेले, म्हणजे कधी कामगारांनी आपले काम थांबवल्यामुळे तर कधी एखाद्या पक्षाने साऱ्यांचेच व्यवहार थांबवल्यामुळे ज्यांना दिवसच्या दिवस घरी बसावे लागले, त्यांना ही काटछाट लगेच डाचते, कारण काहीही न घडणारे दिवस किती भरलेले असतात हे त्यांना वाचता येण्याआधीच कळलेले असते. रत्नागिरी जिल्ह्यात, वाशिष्ठीच्या मुखाशी असलेल्या दाभोळच्या पंचक्रोशीत, असे वाचक एकामागून एक कित्येक पिढ्या घडत आले.

दाभोळ हे एके काळी बहामनी आणि आदिलशाही राजवटींचे बडे बंदर. धक्क्याजवळची सतराव्या शतकातली घुमटाची मशीद सोडली तर त्या वैभवाची खूण आज फारशी दिसत नाही. ज्या दापोली तालुक्यात हे गाव येते, त्याच तालुक्यातल्या पालगडला १८९९ मध्ये साने गुरुजी आणि मुर्डीला १९१३ मध्ये श्री. ना. पेंडसे जन्मले, हा योगायोग वाङ्मयाच्या अभ्यासकाला मोह घालणारा आहे. बंदर गाळाने आणि काळाने मागे पडले, माणसे मुंबईला गेली, आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला शेती, मासेमारी आणि वाट पाहणे आले. या मुलखातल्या मोठ्या पुस्तकांचा ऐवज बहुतांशी याच तीन गोष्टींचा आहे.

‘श्यामची आई’ हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या काही दिवसांत लिहून काढले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीने ज्याला सक्तीने एका जागी बसवले, अशा माणसाचे हे लेखन आहे, ही गोष्ट त्याच्या घडणीतही उतरलेली दिसते. पुस्तकाला प्रकरणे नाहीत, रात्री आहेत; आश्रमातल्या सोबत्यांना श्याम बेचाळीस रात्री आईच्या आठवणी सांगतो, आणि पत्रावळ लावायला शिकण्यासारखी बारीकशी गोष्टही तिथे एक अख्खी रात्र व्यापते. श्यामचे घराणे खोताचे. खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मध्यस्थ, जो कुळांकडून, म्हणजे प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्यांकडून, धान्याचा वाटा आणि अनेकदा वेठही घेत असे. गुरुजींनी खोताच्या घराची पडझड आतून पाहिली आणि सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान लिहिला; पण त्याच १९३३ सालच्या ऑक्टोबरात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी गावी कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो १९३९ पर्यंत चालवला. कसणाऱ्यांनी भातशेती पडीक ठेवून सहा पावसाळे काढले. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांचे मूळ गाव आंबडवे दाभोळपासून फार लांब नाही, या लढ्याला पाठबळ दिले आणि १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. खोती कायद्याने गेली ती मात्र १९४९ च्या कायद्यानंतर. चरीच्या एखाद्या कुळाच्या मुलाने त्या सहा वर्षांच्या रात्री कुणाला सांगितल्या असत्या तर ‘श्यामची आई’ला शोभेल असे जोडपुस्तक मराठीला मिळाले असते, अशी हुरहूर इथे वाटल्यावाचून राहत नाही.

आचार्य अत्रे यांनी १९५३ साली ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली, वनमाला यांना आईची आणि माधव वझे यांना श्यामची भूमिका दिली, आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मराठीकडे आले. चित्रपट मोठाच आहे, त्याबद्दल वाद नको. तरीही अत्रे हे मुळात नाटककार आणि फर्डे वक्ते, त्यामुळे त्यांच्या हाती बेचाळीस रात्रींतले ठळक प्रसंग उजळले आणि मधली संथ संध्याकाळ विझली. प्रेक्षक रडतो तो प्रसंगांवर, वाचक गलबलतो तो त्या रात्रींच्या साचत जाण्याने. पुढे दोन-तीन वर्षांतच हेच अत्रे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा बुलंद आवाज झाले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत संप झाला, फ्लोरा फाउंटनवर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि माणसे बळी पडली, तर पुढच्या वर्षी अत्र्यांनी त्या चळवळीसाठी दैनिक ‘मराठा’ काढले. आईचे वात्सल्य पडद्यावर आणणारा आणि सभेला हजारोंनी माणसे खेचणारा माणूस एकच होता, आणि दोन्हीकडे त्याची नजर क्षणाच्या उत्कर्षावरच असे. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी हीच कथा कृष्णधवल छायाचित्रणात पुन्हा मांडली आणि ओम भूतकर यांच्या रूपाने साने गुरुजींनाच पडद्यावर आणले. सांगणाऱ्याला त्याची जागा परत देणारी ही निवड रूपांतराच्या दृष्टीने शहाणपणाची म्हणावी लागेल.

पेंडशांच्या बाबतीत हिशेब लवकर उरकता येतो. ‘गारंबीचा बापू’ कादंबरी, नाटक आणि चित्रपट अशा तिन्ही रूपांत लोकांपुढे आली. चिपळूणचे काशीनाथ घाणेकर बापू म्हणून इतके गाजले की अनेकांच्या मनात कादंबरीतला बापू त्यांच्याच चेहऱ्याने वावरू लागला. २०१८ चा ‘तुंबाड’ चित्रपट पाहून कित्येकांनी पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या दोन खंडी कादंबरीकडे धाव घेतली, पण त्या भयकथेचा आणि खोतांच्या चार पिढ्यांचा नावापलीकडे संबंध नाही. जगबुडी नदी मात्र कादंबरीत आहे तशीच आजही वाशिष्ठीला मिळते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्रात जाते.

खाडीकाठच्या गावांनी अनुभवलेला सर्वांत दीर्घ संप त्यांच्या गावात झालाच नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि त्यांतले असंख्य रत्नागिरी जिल्ह्याचे चाकरमानी होते. चाकरमानी म्हणजे पोटासाठी मुंबईला राहणारा, पण कुटुंब, शेत आणि देव गावी ठेवून असणारा माणूस; त्याच्या पगारातून दरमहा येणाऱ्या रकमेवर कोकणातली घरे चालत, म्हणून या व्यवस्थेला मनीऑर्डरची अर्थव्यवस्था असे नाव पडले. त्या मनीऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी संदेशासाठी एक अरुंद पट्टी असे. नोटा मोजून दिल्यावर, सही किंवा अंगठा घेतल्यावर पोस्टमन ती पट्टी फाडून हाती देई, आणि महिनाभराची ख्यालीखुशाली, मुलांना ताकीद, कौलांचा खर्च, म्हशीची चौकशी, सारे त्या बोटभर जागेत कोंबलेले असे. संप लांबला तशी पट्टीही यायची थांबली, आणि तिच्या जागी स्वतः बाप आला. शिमगा नाही, गणपती नाही, तरी बाप घरी, ही गोष्ट लहान मुलाला आधी सणासारखी वाटावी आणि मग हळूहळू उमगावी अशी होती. शिमगा आला आणि गेला, पेरणी झाली, गणपती पाण्यात गेले, तरी मुंबईचा भोंगा काही बोलावीना. शाळेची फी, वाण्याची उधारी, ताईचे लग्न, सगळे ‘संप मिटला की’ या तीन शब्दांवर टांगलेले राहिले.

हाच काळ मुंबईच्या बाजूने लिहिला तो जयंत पवारांनी. ‘अधांतर’ हे त्यांचे नाटक १९९७ मध्ये, म्हणजे दत्ता सामंत यांची हत्या झाली त्याच वर्षी, रंगभूमीवर आले. गिरणगावातल्या चाळीतली एक खोली, कोकणातून आलेले धुरी कुटुंब, घर सावरू पाहणारी आई आणि वेगवेगळ्या वाटांनी भरकटलेली मुले: एकाला लेखक व्हायचे आहे, एक क्रिकेटच्या नादी, एक टोळीच्या आश्रयाला, आणि बहीण या साऱ्यांत चेपलेली. नाटक त्या खोलीत ठाण मांडून बसते. संप बाहेर आहे, त्याची चाहूल दारातून येणाऱ्याच्या चेहऱ्यावर लागते, आणि खोलीत काय घडते म्हणावे तर माणसे एकमेकांच्या अंगावर येतात, कारण जायला दुसरी जागा नाही. रंगभूमीची मर्यादा इथे लेखकाच्या पथ्यावर पडली; संपात सापडलेल्या घराचे सत्य हेच आहे की कामाच्या वेळीही सगळे घरातच असतात.

महेश मांजरेकर यांनी २०१० मध्ये या नाटकावर मराठीत ‘लालबाग परळ’ आणि हिंदीत ‘सिटी ऑफ गोल्ड’ असे चित्रपट काढले. कॅमेरा खोलीतून बाहेर पडला, आणि पडताच त्याला गिरणीमालकांचे डावपेच, टोळ्या आणि बंदुका सापडल्या. यातले काहीही खोटे नाही. गिरणगाव उद्ध्वस्त कसे झाले हे पुढच्या पिढीला दाखवण्याचे कामही त्या चित्रपटांनी केले, आणि सीमा बिस्वास यांची आई विसरता येण्यासारखी नाही. पण नाटकात जी घुसमट होती तिचे इथे थरारात रूपांतर झाले. गोळी सुटली की काहीतरी संपते, आणि प्रेक्षकाला सुटल्यासारखे वाटते; १९८२ चा संप मात्र कधी अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही, तो झिजत गेला, आणि न मिटलेल्या गोष्टीसोबत वाढणे हा त्या मुलांचा खरा अनुभव होता.

दाभोळच्या समोरच्या काठावर पुढे आणखी एक अध्याय झाला. एन्रॉन कंपनीच्या वीजप्रकल्पाने गावाचे नाव घेतले, ‘दाभोळ पॉवर कंपनी’, पण तो उभा राहिला खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. नाव एका काठाचे आणि पोलीस दुसऱ्या काठावर, असा प्रकार. प्रकल्पामुळे मासेमारी बुडेल या भीतीने वेलदूरच्या कोळी बायका मोर्चांत पुढे होत्या, १९९७ मध्ये जमावबंदी आणि अटकसत्र चालले, आणि त्या दडपशाहीची दखल ह्यूमन राइट्स वॉच या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९९ च्या अहवालात घेतली. जनरेटर २००१ मध्ये बंद पडले. अलीकडे २०२१-२२ च्या हिवाळ्यात एसटी कर्मचाऱ्यांचा संप महिनोन्‌महिने चालला, तेव्हा ज्या वाड्यांना लाल गाडीखेरीज शाळेचा रस्ता नव्हता त्यांना पुन्हा घर आणि घरातले पुस्तक एवढेच उरले. न्यायालयांनी सक्तीचा बंद बेकायदा ठरवून पक्षांना दंडही ठोठावले आहेत, आणि ते योग्यच झाले; संपाची गोष्ट वेगळी, तो करणारा स्वतःचेच ताट आधी बाजूला सारतो.

संपावरचा पुढचा मराठी चित्रपट कोणी काढणार असेल, तर त्याने लालबागचे नाके, मोर्चे आणि टोळ्या काही काळ बाजूला ठेवून कॅमेरा खाडीकाठच्या एखाद्या पडवीत लावावा, जिथे बाप अवेळी घरी आला आहे आणि पोस्टमन दारावरून तसाच पुढे जातो. आणि प्रसंग संपल्यावरही तो लगेच बंद करू नये.