पेज जेवून पपा झोपले की

पालकसभेत दरवर्षी कुणीतरी बाप मला सांगतोच, "बाई, खुशाल मारा, आमचं काही म्हणणं नाही." शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतली छडी २०१० सालापासूनच बंद केली, हे त्याला ठाऊक असतं. पोराला मस्ती आलीय, एवढंच त्याचं निदान. अभ्यासाला कुठे बसतो विचारलं, की कळतं खोली एकच, टीव्ही चालू आणि मांडीवर धाकटी.

मला त्या बापाचा राग येत नाही. आम्ही मूळचे पेडण्याचे. पपांना मुरगाव बंदरात नोकरी लागली आणि बिऱ्हाड हेडलँड सड्यावरच्या क्वार्टर्समध्ये आलं. नाईट करून आलेले पपा पेज जेवून झोपले, की घरात आवाज करणं म्हणजे गुन्हा. चमचा पडला तरी आईचा धपाटा बसायचा. मे महिन्यात पेडण्याच्या अंगणात आम्ही घसा बसेपर्यंत ओरडायचो, तेव्हा आजी मानही वर करत नसे. वास्कोचा दामोदर सप्ताह म्हणजे तर कमालच. वर्षानुवर्षं चालत आलेलं चोवीस तासांचं अखंड भजन, आणि रस्ताभर फेरीची दुकानं. तिथे पपाच आम्हाला पिपाणी घेऊन देत. दुसऱ्या दिवशी ती आईच्या तांदळाच्या डब्यात गडप होई. आम्ही मुद्दाम छळतो, हे आईचं ठाम मत होतं. एकदा तसं मानलं की हात उगारण्यापलीकडे काही सुचत नाही.

आता आई माझ्याकडे वास्कोत असते. बाल्कनीत बंदरातल्या कोळशाची काळी भुकटी रोज साचते. चार वर्षांच्या लेकाने त्यात हात फिरवले आणि हॉलच्या पांढऱ्या भिंतीवर पंजे उमटवले. "बघ, मुद्दाम केलंय," आई म्हणाली. मी खाली वाकून पाहिलं. पंजे एका ओळीत, त्याच्या खांद्याच्या उंचीवर, बेसिनकडे निघालेले. बेसिनखाली दोन पंजे सगळ्यांत ठळक. नळापर्यंत हात पोचला नव्हता.

संध्याकाळी प्लास्टिकचं स्टूल आणलं. आई ते उलटंसुलटं करून बघत राहिली.

"तुला जमतं हे," ती म्हणाली. "तुझ्या घरात दिवसा कुणी झोपत नाही."