फुकट ऑपरेशन आणि आजीचा जाड चष्मा

"फुकटात ऑपरेशन झालं ना? मग तक्रार कसली?" हा प्रश्न आम्हाला चळवळीतल्याच लोकांनी विचारलाय, म्हणून आधी त्याचं उत्तर देतो.

आम्ही केडगावचे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे गाव लोकांना माहीत आहे. तिथं अंध बायकांनाही आसरा मिळाला. आमची आजी मात्र सरकारदरबारी आंधळी नव्हतीच. १९८९ च्या सुमारास शाळेत भरलेल्या शिबिरांत तिचे दोन्ही मोतीबिंदू काढले होते.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंगच. ते पिशवीसकट काढलं, जागी काही बसवलं नाही. हातात जाड चष्मा दिला. त्यातून वस्तू मोठी आणि जवळ दिसते, कडेचं दिसत नाही, माणूस एकदम समोर उगवतो. आजी तांब्यातलं पाणी पेल्याच्या अलीकडं ओतायची. कांद्याच्या रानात खुरपं बोटाला लागायचं. चष्मा फुटला की नवा येईपर्यंत भिंत धरून चालायची. आणि आम्ही म्हणायचो, "वय झालंय आता." ही चूक आमचीही आहे.

डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया हॅरोल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ साली केली. म्हणजे आजीच्या शिबिराआधी चाळीस वर्षं! पण परदेशी भिंग महाग. मदुराईत १९९२ मध्ये ऑरोलॅब सुरू झाली आणि देशी भिंग कितीतरी स्वस्त मिळू लागलं. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं मोतीबिंदूचा जो प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्रही होता. पुढं नव्या रुग्णांना भिंगं बसू लागली. आधी रिकामे करून ठेवलेले डोळे? आमच्या बौद्धवस्तीत तरी त्यांची विचारपूस करायला कुणी आलं नाही. नोंदवहीत त्यांचं काम 'झालेलं' होतं.

शिबिरातल्या डॉक्टरांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यामुळं आजीला उजेड तरी दिसला. पण उपकार म्हणून मिळालेल्या गोष्टीचा हिशोब कुणी मागत नाही, हक्काच्या गोष्टीचा मागतो. सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य आहे, असं संविधानाचं कलम ४७ सांगतं.

२००९ साली आम्ही तिला दौंड-पुणे गाडीनं पुण्याला नेलं. एका ठिकाणी "या वयात कशाला?" ऐकून परत आलो. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. पिशवीच नसल्यानं नेहमीसारखं भिंग टिकणार नाही. ते चिमट्यासारख्या टोकांनी डोळ्यातल्या रंगीत पडद्याला अडकवायचं, नाहीतर पांढऱ्या भागाला टाक्यांनी बांधायचं. त्याआधी मागचा पडदा, बुबुळ आणि डोळ्यातला दाब तपासायचा. उजव्या डोळ्याची नस काचबिंदूनं आधीच गेली होती. वेळेत कुणी दाब मोजला असता तर कदाचित वाचली असती. डाव्यात भिंग बसलं. परतताना खिडकीशी बसून ती म्हणाली, "आरं, ऊस येवढा लांब हाय व्हय?"

तुमच्या वस्तीत असा जाड, फुगीर काचेचा चष्मा लावणारी म्हातारी माणसं असतील. त्यांना विचारा: ऑपरेशन कधी झालं, भिंग बसवलं होतं का? कागद नसला तरी चालेल, दिव्याच्या यंत्राखाली डोळ्यांच्या डॉक्टरांना ते दिसतं. दाब मोजायलाही सांगा. आणि सोबत जा, त्यांना एकट्यानं पाठवू नका.