तंजावर : कावेरीच्या खोऱ्यातील मराठी राजधानी

मुलांना एखादी ऐतिहासिक राजधानी दाखवावयाची म्हटली की आपली माणसे दिल्ली, आग्रा, फार तर जयपूर-उदेपूर इकडे वळतात. उत्साही पालक रायगडही चढतात, आणि ते योग्यच होय. परंतु ज्या नगरात मराठी राजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे गादीवर होते, त्या तंजावरचे नाव या यादीत क्वचितच आढळते. गेल्या पौषात आम्ही उभयतां व आमची दहा वर्षांची कन्या असे तिघे तेथे चार दिवस काढून आलो. कन्या इंग्रजी शाळेत जाते. मराठी बोलते अस्खलित, पण वाचते बोट ठेवून. घरातील वडीलधाऱ्यांस याची खंत आहे, आणि तंजावरची निवड करताना ती आमच्याही मनात होतीच.

चेन्नईच्या एगमोर स्थानकावरून सकाळची गाडी धरली की पाच-सहा तासांत तंजावर येते. कावेरीचे खोरे लागले की दोन्ही बाजूंस भाताशिवाय दुसरे काही दिसत नाही. या भाताच्या जोरावरच चोळ, नायक व भोसले या तिन्ही घराण्यांनी येथे वैभव भोगले. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास हे राज्य हस्तगत केले. पुढे १६७७ साली शिवाजीमहाराज दक्षिणेत आले असता दोघा सावत्र भावांची तिरुमलवाडीस भेट झाली. वडिलोपार्जित दौलतीच्या वाटणीचा विषय निघताच व्यंकोजीराजे रात्री नदी उतरून निघून गेले, ही हकीगत गाडीत सांगितली, तेव्हा कन्येने विचारले, “मग त्यांची कट्टी सुटली का?” पुढे समेट झाला, असे सांगितल्यावर तिचे समाधान झाले. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मुलांना इतिहासाचा हा भाग फारसा समजावून द्यावा लागत नाही.

भोगीच्या आदल्या दिवशी राजवाडा पाहिला. तो मूळचा नायकांचा, मराठ्यांनी वाढविलेला. बाहेरून पडझड बरीच दिसते. आत चोळकालीन ब्राँझच्या मूर्ती आहेत; त्यांतील शिव-पार्वतींपुढे आम्ही किती वेळ उभे होतो, हे सांगता येणार नाही. त्याच संग्रहालयात दुसरे सरफोजीराजे यांचा संगमरवरी पुतळा आहे. तो चँट्री या इंग्रज शिल्पकाराने घडविलेला असून राजे हात जोडून उभे आहेत. “राजा कोणाला नमस्कार करतो?” या कन्येच्या प्रश्नाचे उत्तर सोपे नव्हते. १७९८ साली सरफोजी गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा सारा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजांकडे किल्ला व थोडा भोवताल एवढेच उरले. नमस्कार देवाला असो की प्रजेला, त्या जोडलेल्या हातांत तलवार नव्हती हे खरे.

कित्येक अभ्यासक सरफोजींस इंग्रजांच्या ओंजळीने पाणी पिणारा राजा म्हणून मोडीत काढतात. आम्हांस ते पटत नाही, आणि राजवाड्याच्या आवारातच असलेले सरस्वती महाल ग्रंथालय पाहिल्यावर तर मुळीच पटले नाही. ग्रंथसंग्रहास आरंभ नायकांच्या काळीच झाला होता. पण त्यास आजचे रूप आले ते या राजाने जन्मभर केलेल्या खटपटीने. काशीयात्रेस गेला तरी परत येताना पोथ्या घेऊन आला. ताडपत्रे व कागद मिळून येथे ४० हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. त्यांत संस्कृतचा वाटा सर्वांत मोठा, पण मराठीही पुष्कळ. राजास वैद्यकाची गोडी होती. नेत्ररोग्यांवर केलेल्या उपचारांची टिपणे त्याने डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह ठेवविली. कन्येच्या मते साऱ्या राजवाड्यात हीच गोष्ट पाहण्याजोगी.

आम्हांस मात्र दुसरीच एक गोष्ट मोठी वाटली. सरफोजींनी तंजावरास देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ साली तेथून ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक बाहेर पडले. इसापाच्या गोष्टींचे ते मराठी भाषांतर होय. पेशवाई बुडण्यास तेव्हा अद्याप बारा वर्षे अवकाश होता. मराठी मुलांच्या हाती छापील गोष्टी द्याव्यात, हा विचार एवढ्या लवकर कोठे सुचला, तर पुण्या-मुंबईपासून इतक्या दूर, तमिळ मुलखात! पुढे १८५५ साली सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे पुत्रसंतानावाचून वारले व संस्थान खालसा झाले. ग्रंथ मात्र टिकले. १९१८ पासून ते लोकांस खुले आहेत.

बृहदीश्वराचे मंदिर आम्ही मुद्दाम संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेविले होते. आपल्याकडे तो दिवस किंक्रांतीचा, म्हणजे शुभकार्यास वर्ज्य. तमिळ देशी तो मट्टुपोंगल, गुराढोरांचा सण. त्या दिवशी मंदिरापुढील प्रचंड एकसंध नंदीस भाज्या, फळे व मिठाई यांच्या माळांनी नखशिखांत मढवितात. वांगी, भोपळे, गाजरे, केळी यांच्या राशीतून नंदीचे काळेभोर तोंड तेवढे वर दिसत होते. पूजेनंतर या भाज्या लोकांस प्रसाद म्हणून वाटतात; कन्येच्या वाट्यास एक गाजर आले आणि तिने ते तेथेच खाल्ले.

मंदिर राजराज चोळाने बांधविले. ते १०१० साली पुरे झाले. विमान सुमारे २०० फूट उंच, सारे ग्रॅनाइटचे. त्याची सावली भूमीवर पडत नाही, असे तेथे आवर्जून सांगतात. आम्ही सकाळी आठ वाजता गेलो, तेव्हा ती पश्चिमेच्या अंगणात लांबवर पसरली होती व तीत चांगले वीस-पंचवीस यात्रेकरू बसले होते. ही भाकडकथा सांगण्यापेक्षा तेथील शिलालेख दाखविले तर अधिक बरे. राजराजाने मंदिराच्या सेवेस आणलेल्या ४०० नर्तिकांची नावे त्यांच्या घरांच्या ठिकाणांसह दगडावर कोरविली आहेत. राजांची नावे सगळेच कोरतात.

याच मंदिराच्या प्राकारात, नैर्ऋत्येस, भोसले घराण्याचा इतिहास भिंतीवर खोदलेला आहे. तो १८०३ साली सरफोजींच्या आज्ञेने तयार झाला. भाषा मराठी, लिपी देवनागरी. ओळी दाट, वळण जुने. चार दिवस चोहीकडे तमिळ अक्षरे पाहून कंटाळलेली कन्या एकदम पुढे झाली आणि बोट हवेत धरून वाचू लागली. “मालोजी” लागले. “शहाजी” लागले. मधले शब्द मात्र अर्थाविना उच्चारले जात होते.

तिचा आवाज ऐकून नऊवारी नेसलेल्या एक वृद्ध बाई थांबल्या. त्यांनी आम्हांस “तुम्ही तिकडचे का?” असे मराठीत विचारले. हेल अगदी तमिळ, शब्द मात्र आपल्या पणजीच्या तोंडचे. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात. पण शाळा तमिळ, लिहिणे-वाचणे तमिळ. ही भिंत त्या लहानपणापासून पाहात आल्या होत्या, आणि तिच्यावरचे अक्षर त्यांना कधी लागले नव्हते. “वाच, बाळे,” त्या म्हणाल्या. मग कन्या वाची आणि आजी अर्थ सांगत. एकीस अक्षर येत होते, दुसरीस शब्द. एखाद्या जुन्या शब्दावर दोघीही अडल्या की आमच्याकडे पाहात, आणि दोनदा तर आम्हांसही तो आला नाही. अर्धा तास गेला; फार तर सहा ओळी झाल्या असतील.

बाईंनी आग्रहाने घरी नेऊन जेवू घातले. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडले व तो पदार्थ तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात निघाला, ही कथा त्यांनीही सांगितली. तिला आख्यायिकेपलीकडे आधार नाही, पण जेवताना आम्ही वाद घातला नाही. सौ.ने त्यांना कन्येच्या हातून मुळाक्षरांचा एक कागद लिहवून दिला. त्यांनी तो देवघरात ठेविला.

गाडीस दोन तास उरले होते, ते मान डोलावणाऱ्या बाहुल्यांच्या दुकानात गेले. घरी चुलत भावंडे सात, म्हणून बाहुल्या सात घेतल्या. पुण्यास पोहोचेपर्यंत सहांच्या माना शाबूत होत्या.