शेवगाव ते खुलताबाद : मागच्या सीटवरची अमानत

शेवगावला रेल्वे नाही. नगरला जायचं असो, पैठणला असो की गेवराईला, आमच्या तालुक्याचं सगळं येणंजाणं रस्त्यावरून चालतं. एसटी, काळीपिवळी जीप, नाहीतर घरातल्या कुणाची तरी व्हॅन. त्यामुळे कुटुंबाची सफर ठरली की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘गाडीत किती जण बसतील?’ मुलं कुठं बसतील, हे कुणी विचारत नाही. मुलं काय, कुठंही मावतात! आम्हीही असंच मानत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत खुलताबादला जायचं ठरलं. शाळेच्या पुस्तकात मलिक अंबरचं नाव आलं होतं आणि मुलांना त्याची कबर पाहायची होती. हबशाच्या मुलखातून गुलाम म्हणून विकत आणलेला मुलगा आमच्याच जिल्ह्यातल्या निजामशाहीचा कारभारी होतो आणि मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवतो, ही गोष्ट मुलांच्या मनात बसली होती. शेवगाव, पैठण, छत्रपती संभाजीनगर आणि पुढे दौलताबादचा घाट चढून खुलताबाद, असा साधारण शंभर किलोमीटरचा रस्ता.

चाचांकडे सात सीटची व्हॅन आहे. माणसं नऊ. चाचांनी नेहमीची युक्ती केली. मागच्या दोन सीट काढून अंगणात ताडपत्रीखाली ठेवल्या आणि त्या जागी गादी अंथरली. वर दोन लोड, एक गोधडी. मुलं खूश. चार, आठ आणि अकरा वर्षांची तिघं गादीवर आणि त्यांच्याबरोबर आमच्यापैकी एक जण. मधल्या सीटवर दादी, फूफी आणि आमच्यातलं दुसरं, पुढे चाचांशेजारी बडे अब्बा. फजरनंतर निघालो. सफरची दुआ सगळ्यांनी पढली. पट्टा मात्र एकट्या चाचांनी लावला.

नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे उसाचा गळीत हंगाम. कारखान्यांकडे जाणारे ट्रॅक्टर एकामागे एक दोन ट्रॉल्या ओढत रात्रंदिवस रस्त्यावर असतात. ऊस इतका भरलेला की मागचा दिवा असला तरी दिसत नाही. घोटणच्या अलीकडे धुक्यात अशीच एक ट्रॉली अचानक समोर आली. चाचांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, ट्रॉलीला लागली नाही. अल्हम्दुलिल्लाह. पण गादी आणि गादीवरची मुलं थांबली नाहीत. धाकटी मधल्या सीटच्या लोखंडी नळीवर हनुवटीने आदळली.

पैठणला डॉक्टरांनी तीन टाके घातले. टाके घालताना ती रडली नाही, फक्त बडे अब्बांचं बोट धरून बसली. तिथूनच आम्ही परत फिरलो.

घरी आल्यावर बडे अब्बा म्हणाले, “आमच्या वेळी एका जीपमध्ये सोळा जण जायचो. अल्लाहनेच पोहोचवलं.” त्यांच्यापुढे आम्ही काही बोललो नाही. पण ती रात्र आम्ही दोघांनी जागून काढली. जे वर्गात शिकवतो, ते घरी कधी लावून पाहिलं नव्हतं. त्या रात्री वही घेऊन गणित मांडलं. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. या वेगाने आदळणं हे चौदा मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजल्यांहूनही वरून पडण्यासारखं आहे. धडकेत गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर 15 किलोच्या मुलाला धरून ठेवायला चारशे किलोंहून अधिक जोर लागतो. कुठल्या आईच्या हातात तो जोर आहे? ‘मांडीवर घेतलंय, घट्ट धरलंय’ हा आपला दिलासा फक्त गाडी नीट चालते तोवरचा. घोटणजवळ तर नुसता ब्रेक लागला होता. धडक झाली असती तर?

मागे बसलं की धोका नाही, हाही गैरसमजच. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी होती. त्यात ज्या दोघांचा जीव गेला, ते दोघेही मागच्या सीटवर होते, आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. कायदाही आता स्पष्ट आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या सुरक्षा-सीटशिवाय नेलं, तर एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा आम्हाला त्या तीन टाक्यांची आठवण पुरेशी होती.

मग एकेक गोष्ट समजून घेतली. मुलाची जागा म्हणजे कारखान्यातून आलेली, पुढे तोंड असलेली, पट्टा असलेली सीट. समोरासमोरच्या आडव्या बाकावर ब्रेक लागताच अंग कडेला फेकलं जातं. गादीवर तर धरायला काहीच नाही. डिकीत गॅसच्या टाकीवर फळी टाकून मुलं बसवतात, तेही तसंच. आता आपल्या राज्यातही कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं आहे, 2021 पासून. त्या गाड्यांत पलंग असतात, ओटा असतो. पण पलंग मुक्कामाचा. गाडी चालू असताना प्रत्येकाने पट्टा लावून सीटवरच बसायचं.

पट्टा मोठ्यांच्या मापाचा असतो. तो खांद्याच्या मधून आणि कमरेच्या हाडावरून गेला पाहिजे. मुलाच्या गळ्याला किंवा पोटाला काचत असेल, तर तोच इजा करतो. म्हणून तान्ह्या बाळासाठी मागे तोंड केलेली सीट, आणि ती एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर कधीच ठेवायची नाही. त्याहून मोठ्याला पुढे तोंड असलेली, स्वतःचे पट्टे असलेली सीट. त्यानंतर उंची साधारण पावणेपाच फूट होईपर्यंत बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक. बूस्टरला खांद्यावरून येणारा पट्टाच लागतो, नुसता कमरेचा चालत नाही. आम्ही धाकटीसाठी सीट आणि मधल्यासाठी बूस्टर घेतला. खर्च झाला. त्या वर्षी नवा फ्रिज घेतला नाही.

राहिला प्रश्न बडे अब्बांचा. पुढच्या सुट्टीत पुन्हा खुलताबादचं निघालं, तेव्हा त्यांना कसं सांगावं या विचारात आम्ही होतो. सकाळी अंगणात आलो, तर ताडपत्री बाजूला केलेली. बडे अब्बा फडक्याने त्या दोन सीट पुसत होते. चाचांना म्हणाले, “हे बसव आधी. नट नीट आवळ.” आणि आमच्याकडे न बघता, “ऊंट खुला सोडून तवक्कल होत नाही.” तिरमिजीतली ती हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ऊंट बांधून भरवसा ठेवू की मोकळा सोडून, असं विचारणाऱ्याला अल्लाहच्या रसूलांनी (स.) आधी बांधायला सांगितलं, मग भरवसा ठेवायला.

सीट सात आणि माणसं नऊ, तेव्हा आम्ही दोघं एसटीने निघालो. व्हॅनमध्ये मधल्या सीटवर दोन खिडक्यांशी धाकटी दोघं आणि मध्ये दादी. मागे फूफी आणि अकरा वर्षांची थोरली. दादीने कमरेचा पट्टा लावून घेतला आणि म्हणाली, “या वयात बांधून नेताय मला!” सामानाच्या पिशव्या सीटखाली सरकवल्या. मागे सुटा ठेवलेला डबाही ब्रेक लागला की दगडासारखा येतो.

पैठणच्या स्टँडवर आम्ही भेटलो, तेव्हा मुलं एकाच वेळी बोलत होती. गादीवर पडून त्यांना आजवर गाडीचं छतच दिसलं होतं. आता कपाशीची रानं दिसली, गोदावरीचा पूल दिसला. ही जायकवाडीची भिंत 1976 साली पुरी झाली आणि आपल्या तालुक्याच्याही जमिनी नाथसागराच्या पाण्याखाली गेल्या, हे बडे अब्बांनी त्यांना वाटेत सांगितलं होतं. संभाजीनगरात पाणचक्की पाहिली. जे शहर मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी नावाने वसवलं आणि ज्याला नहर बांधून पाणी दिलं, ते हेच, हे ऐकून थोरली गप्प झाली. मग दौलताबादचा किल्ला उजवीकडे-डावीकडे फिरताना बघत घाट चढून खुलताबाद. 1626 मध्ये वारलेल्या त्या माणसाच्या घुमटाखाली मुलांनी हात उचलून फातिहा पढली.

परतीला अंधार झाला. घोटणजवळ पुन्हा उसाच्या ट्रॉल्या होत्या आणि चाचांना पुन्हा ब्रेक मारावा लागला. चाचा सांगतात, धाकटी तिच्या सीटमध्ये झोपली होती. तिची मान जराशी हलली. ती उठलीसुद्धा नाही.

आता आमच्या घरी सफरचा नियम बदलला आहे. आधी सीट मोजायच्या, मग माणसं. जास्त झाली तर मोठ्यांनी एसटीने जायचं. बडे अब्बा मागे वळून तिन्ही पट्टे बघतात आणि मगच दुआला हात उचलतात. मुलं अल्लाहने आपल्याकडे ठेवलेली अमानत आहेत. आणि अमानत डिकीत ठेवत नाहीत.