साडेपाच तास मागे

कूलर ओढला, तर थर्मल पेस्ट वाळल्यामुळे जुना रायझन प्रोसेसरही त्याच्याबरोबर उपटून आला. उलटा करून पाहिला. १३३१ सोनेरी पिना, त्यातली कोपऱ्यातली एक वाकलेली. लीडपेन्सिलच्या रिकाम्या नळीत ती अडकवून, श्वास रोखून सरळ केली.

लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार म्हणाला, "साहेब, ७००० सिरीजच घ्या." तो चुकीचं सांगत नव्हता. पण त्या पिढीसाठी मदरबोर्ड नवा, रॅमही डीडीआर५च. शिवाय पिना आता प्रोसेसरला नसून सॉकेटात. ५००० सिरीज मात्र आहे त्याच बोर्डावर बसते. दोन दिवस घोळ घातला आणि ५७००एक्स आणला. काटकसर म्हणावी की भित्रेपणा, कोण जाणे.

याच मशीनवर विंडोज ऑफिससाठी, उबुंटू माझ्यासाठी. दोघांचं घड्याळावरून पटत नाही. उबुंटू बोर्डाच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहून ठेवतं, विंडोज तीच इथली समजतं. एका कमांडचं काम आहे, होत नाही.

परवा रात्री अकराला विंडोज उघडलं, तर कोपऱ्यात संध्याकाळचे साडेपाच. नेट जोडायच्या आधी जरा वेळ तसंच राहू दिलं.