मधले बरे दिवस

सिनेमात किरणोत्सर्गाचा मार बसलेला माणूस मध्यंतरापर्यंतही टिकत नाही. अंगावर फोड, नाकातून रक्त, शेजारी किरकिरणारा गायगर काउंटर आणि दोन दृश्यांनंतर पांढरी चादर. कॅन्सर रुग्णालयात किरणोपचाराचा डोस ठरवणं आणि मोजणं हे माझं काम. त्यामुळे असे सिनेमे बघताना माझं लक्ष स्फोटाकडे कमी आणि कॅलेंडरकडे जास्त असतं.

सगळ्या अंगावर एकदम चार ग्रेच्या (ग्रे हे डोसचं एकक) आसपास डोस बसला, तर उपचारांविना साधारण निम्मी माणसं दोनेक महिन्यांत जातात. (स्तनाच्या कर्करोगात आम्ही एकूण चाळीस-पन्नास ग्रे देतो, पण तेवढ्याच भागाला आणि रोज थोडा थोडा.) पहिल्या काही तासांत उलट्या होतात, मग थांबतात. भूक लागते, माणूस उठून बसतो, घरी सोडा म्हणतो. हे बरे दिवस दोन-तीन आठवडेही चालतात. आत अस्थिमज्जेतल्या बहुतेक मूळ पेशी मेलेल्या असतात. रक्तात आधीच उतरलेल्या पेशींवर कारभार चालू राहतो. कमावता माणूस गेलेल्या घरात कोठीतलं धान्य संपेपर्यंत चूल पेटावी, तसा. मग ताप, रक्तस्राव, जंतुसंसर्ग.

पटकथाकारांना हा मधला काळ अडचणीचा वाटत असावा; बहुतेक जण तो कापून टाकतात. क्रेग मेझिन यांनी लिहिलेल्या २०१९च्या ‘चेर्नोबिल’ मालिकेने तो कापला नाही. अणुभट्टीची आग विझवायला गेलेल्या अग्निशामक जवानाची बायको मॉस्कोच्या रुग्णालयात पोचते, तेव्हा नवरा चांगला हसत-बोलत असतो. त्या हसण्याचा अर्थ ठाऊक असलेल्याला ते दृश्य बघवत नाही. बघताना मी मनातल्या मनात मेझिनना पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले, आणि पुढच्याच भागांत निम्मे कापले.

कारण ही मालिका रुग्णालाच विस्तव ठरवते. नवऱ्याजवळ बसल्यामुळे पोटातल्या बाळाला बाधा झाली, आईच्या वाटचा किरणोत्सर्ग बाळाने शोषून घेतला, असं तिथे सांगितलं जातं. चेर्नोबिलच्या रुग्णांवर मॉस्कोत उपचार केलेले अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट गेल यांनी यावर जाहीर आक्षेप घेतला होता. किरणोत्सर्गी धूळ कपड्यांवर आणि कातडीवर असते. कपडे उतरवून अंघोळ घातली की बहुतेक सगळी जाते. पेशंटला प्लॅस्टिकच्या पडद्याआड ठेवतात ते मुख्यतः त्याला बाहेरच्या जंतूंपासून जपायला. दुसरं म्हणजे, चेर्नोबिलमध्ये तीव्र किरणोत्सर्गी आजार पक्का ठरला तो १३४ जणांत. त्यातले २८ पहिल्या चार महिन्यांत गेले. बाकीचे शंभरावर त्या संकटातून निभावले, हे मालिका बघून कोणाच्या ध्यानात राहत नाही.

मी हे नुसतं चुका काढायला सांगत नाही. किरणोपचाराचा शेक घेऊन बाहेर आलेल्या बाईला सासू विचारते, ‘आता नातवाला हिच्याजवळ देऊ का?’ द्या की! मशीन बंद झालं की तिच्या अंगात काही उरत नाही. थायरॉइडच्या कर्करोगासाठी आयोडीन-१३१ प्यायलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांना आम्ही काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतो, त्यांचं संडासाचं पाणीही टाकीत साठवून मग सोडतो. पण दर आठ दिवसांनी ते आयोडीन निम्मं होतं. घरच्यांच्या मनातली भीती त्या हिशेबाने उतरत नाही.

बाकीच्या सिनेमांपैकी अणुभट्टीच्या अपघातावरचा ‘द चायना सिंड्रोम’ १६ मार्च १९७९ला लागला आणि बारा दिवसांनी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडची भट्टी अंशतः वितळली. त्या सिनेमाची कीर्ती बरीचशी या योगायोगाची. बीबीसीचा ‘थ्रेड्स’ (१९८४) शेफील्डवर बॉम्ब पडल्यावर पुढे तेरा वर्षं चालत राहतो, त्यासाठी तो बघावा. झोप उडेल, ही पूर्वसूचना.

मला मात्र शोहेई इमामुरांचा ‘ब्लॅक रेन’ (१९८९) सगळ्यांत खरा वाटतो. यासुको बॉम्ब पडला तेव्हा हिरोशिमात नव्हती. होडीने शहराकडे परतताना तिच्यावर किरणोत्सर्गी राखेचा काळा पाऊस पडला. पुढे ती काका-काकूंबरोबर जळत्या शहरातून चालत गेली. सिनेमाचा बहुतेक भाग पाच वर्षांनंतरच्या खेड्यात घडतो. स्थळं येतात, कुणकुण लागते, मोडतात. काका तिच्या तब्येतीचा डॉक्टरी दाखला मिळवतो, तिची रोजनिशी उतरवून काढतो: बघा, मुलगी त्या वेळी शहरात नव्हती. आपल्याकडे पत्रिका दाखवतात, इथे डोसची कैफियत. काकाबरोबर तळ्यावर मासे धरायला बसणारे सोबती एकेक करून कमी होतात. इमामुरा मधले बरे दिवस पाच वर्षांचे करतात; आणि ते वैद्यकाला धरून आहे, कारण वाचलेल्यांतला ल्युकेमिया बॉम्बनंतर दोनेक वर्षांनी वाढू लागला आणि त्याचा जोर पुढे काही वर्षं टिकला.

लोक स्थळं नाकारत होते ते होणाऱ्या मुलांच्या धास्तीनेही. नेमक्या त्याच काळात, १९४८ ते १९५४, अमेरिकी-जपानी पथक हिरोशिमा-नागासाकीत जन्मलेली सुमारे ७७ हजार बाळं तपासत होतं. आई-वडिलांच्या डोसमुळे व्यंगं वाढल्याचं त्यात दिसलं नाही.

आमच्याकडे नव्याने येणाऱ्या तंत्रज्ञांना मी ‘ब्लॅक रेन’च दाखवतो. स्फोटाची दृश्यं संपून गाव सुरू झालं की काही जण मोबाइल काढतात. ज्यांची ड्यूटी आयोडीनच्या वॉर्डात लागणार असते, त्यांना मात्र मी शेवटपर्यंत उठू देत नाही.