पहिले साठ फूट

कोराईगडाच्या तटावर ऊन आलं तेव्हा खाली धावपट्टी अजून निळीच होती. दवानं डांबर ओलसर, कडेचं गवत वाळलेलं पण अजून रंगच न फुटलेलं, आणि या सगळ्यावर पेट्रोलचा, तापल्या रबराचा, कुणीतरी थर्मासमधून ओतलेल्या चहाचा असा काही मिसळलेला वास तरंगत होता, की मला एकदम गावच्या जत्रेची पहाट आठवली. पाळणे उभे राहिलेत, बांधाबांध झालीय, पण अजून काहीच फिरायला लागलेलं नाही अशी ती घटका. ही पट्टी विमानं उतरावीत म्हणून केलेली, मुळशी तालुक्याच्या या टोकाला, आंबवण्याच्या डोंगरात, अँबी व्हॅलीच्या कुंपणाआड. एरवी ती आभाळाकडे बघत पडलेली असते. ‘द व्हॅली रन’ या शर्यतीच्या दिवसांत मात्र तिच्यावर मोटारी आणि मोटारसायकली येतात, उडण्याच्या बेतानं सुटतात, जिवाच्या आकांतानं पळतात.

आणि जमिनीवरच राहतात.

अंतर 402 मीटर, म्हणजे पाव मैल. वळण नाही, दुसरी फेरी नाही. ड्रॅग रेस म्हणतात हिला. घरी सांगितलं तेव्हा आईनं विचारलं होतं, “एवढ्याशा पळण्यासाठी एवढ्या लांब जायचं?” तिला काय सांगणार? आपल्याकडे गाड्यांच्या शर्यतींनी वर्षानुवर्षं विमानांच्या ओसरीवर दिवस काढले आहेत. जुहूच्या ज्या धावपट्टीवर 1932 साली जेआरडी टाटा कराचीहून टपालाचं विमान घेऊन उतरले, तिथेही एके काळी गाड्या पळत. मद्रासजवळ शोलावरमला तर महायुद्धातल्या धावपट्टीवर पिढ्यांनी शर्यती पाहिल्या, 1990 मध्ये इरुंगट्टुकोट्टईला खास ट्रॅक होईपर्यंत. उडणाऱ्यांनी रिकामी सोडलेली जागा आणि तिथे न उडणाऱ्यांची ही गर्दी. मला ते आवडतं.

गाडी नवी होती. ड्यूक 390, नारिंगी, चाकणच्या कारखान्यातून निघालेली, 373 सीसीच्या एकाच सिलिंडरात चाळिसाच्या वर घोडे कोंबलेली. पहिलं सर्व्हिसिंग होईपर्यंत मी तिला तापातून उठलेल्या पोरासारखं जपलं होतं. आमच्या मुळशीत नवी गाडी दारात आली की पेढ्याआधी प्रश्न येतो, “कुठला तुकडा काढला?” प्रश्नात विष नसतं, सवय असते. डोळ्यांदेखत इथली कितीतरी भातखाचरं बंगल्यांच्या हिरवळी झाली, आणि खाचराच्या बदल्यात आलेला पैसा सगळ्यात आधी चाकांवर चढला. आमचा तुकडा आहे तिथेच आहे. गाडी हप्त्यांवर आली. पण हे प्रत्येकाला कुठं सांगत बसा. मी नुसता हसायचो, आणि हसण्याचा अर्थ लोक आपापल्या सातबाऱ्याप्रमाणे लावायचे.

शर्यतीआधी गाडीची तपासणी असते. सुटं, लोंबतं काही चालत नाही. तपासणाऱ्या पोरानं चेन बघितली, ब्रेक दाबले, आरशांवर चिकटपट्टी मारली, आणि मग हँडलपाशी वाकून थबकला. आईनं बांधलेल्या लिंबू-मिरचीतली मिरची केव्हाच गळून पडली होती. काळा दोरा आणि त्यात सुकून सुपारीएवढं झालेलं लिंबू तेवढं राहिलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. त्यानं कात्री पुढे केली, पण स्वतः कापलं नाही. मीच कापलं आणि जॅकेटच्या आतल्या खिशात टाकलं. टाकीवर हळदीकुंकवाचं बोट उमटलेलं होतं. ते सुटं नव्हतं, म्हणून राहिलं.

सुरुवातीच्या रेषेवर दिव्यांचा एक खांब असतो, त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. पुढचं चाक सरकवत न्यायचं. रेषेवर एक न दिसणारा किरण आडवा असतो. चाक त्याच्याजवळ आलं की वर एक बारीक दिवा लागतो, आणखी बोटभर सरकलं की दुसरा. आता हलायचं नाही. मग पिवळे दिवे एकामागून एक उतरत येतात, एक, दोन, तीन, मधे अर्ध्या अर्ध्या सेकंदाचं अंतर, आणि मग हिरवा. तेवढ्यात हेल्मेटच्या आत माझाच श्वास मला परक्या माणसाचा वाटायला लागला. काचेवर धुकं धरत होतं आणि विरत होतं. डाव्या हाताच्या दोन बोटांखाली क्लच, उजव्या मुठीत ते चाळीस घोडे फुरफुरत, शेजारच्या पट्ट्यात कॉलेजातलं वाटावं असं एक पोरगं, त्याच्या गुडघ्यावर फाटलेल्या चामड्याला काळी टेप, पलीकडे कोराईगड, त्याच्या तटाचा कातर कातर काठ आता पिवळा झालेला, आणि मला वाटलं, हा क्षण असाच राहिला, हिरवा दिवा लागलाच नाही, तरी माझे पैसे वसूल आहेत.

लागला.

मी मूठ पिळली आणि क्लच एकदम सोडला. गाडी पळाली नाही, उभी राहिली. पुढचं चाक जमीन सोडून वर आलं, हँडलच्या जागी आभाळ दिसलं आणि पोटात विहीर पडली. मी घाबरून मूठ सोडली, चाक दाणकन खाली आलं, इंजिन खोकलं, आणि हे सगळं होईस्तोवर शेजारच्या पोराचा लाल दिवा टिकलीएवढा झाला होता. उरलेला पाव मैल मी एखाद्या निरोप्यासारखा कापला. निरोप आधीच पोचला होता, मी मागाहून चाललो होतो.

शेवटी एका खिडकीतून कागदाची चिठोरी मिळते. तिच्यावर सगळं छापलेलं असतं: हिरवा लागल्यावर हलायला किती वेळ घेतलात, पहिल्या 60 फुटांना किती, पूर्ण पाव मैलाला किती, रेषा ओलांडताना वेग किती. तिथेच मला या खेळाची एक गंमत कळली. हिरवा लागला म्हणून पाव मैलाचं घड्याळ सुरू होत नाही. तुमचं चाक किरणातून सुटतं तेव्हाच ते चालू होतं. हिरवा लागून तुम्ही जन्मभर उभे राहिलात तर हराल नक्की, पण घड्याळ शून्यावरच थांबलेलं असेल, बापडं तुमची वाट बघत. दिवा आणि निघणं यांच्यामधला तो वेळ चिठोरीवर वेगळा लिहितात, बाकीच्या हिशेबात मिसळत नाहीत. मी एका कडेला बसून कितीतरी वेळ तो आकडा बघत होतो. त्याच्याखाली पहिले 60 फूट: 2.9 सेकंद. शेजारी चहा पिणारा एक जाणता गडी डोकावून म्हणाला, “इथंच गेली बघा तुमची. पुढं काय, गाडीच पळते. पहिले 60 फूट माणसाचे.” आणि वर म्हणाला, “क्लच फेकू नका. क्लच द्या.”

क्लच दे. हे मी आधी ऐकलं होतं.

वडिलांची बजाज एम-80. पहाटे साडेतीनला गोठ्यात धारा निघायच्या. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करत असायचं, आणि आमच्या गोठ्यात मात्र ऐन धारेच्या वेळी कंदील. मग किटल्या भरायच्या, झाकणाखाली ओल्या फडक्याची घडी द्यायची, दोन्ही अंगांना हुकांत अडकवायच्या, आणि पौडहून पिरंगुट, भूगाव करत कोथरूडचा रतीब गाठायचा. एम-80चं डाव्या मुठीत सगळं: क्लचही तिथे, गिअरही तिथेच, मूठ मनगटानं फिरवायची. मी आठवीत गेलो तेव्हा वडिलांनी मला पुढे बसवलं आणि स्वतः किटल्यांच्या मधे, मागे. शिकवणं म्हणजे त्यांचा एक हात माझ्या डाव्या हातावर. जाड, गरम, दुधाचा आणि सरकीच्या पेंडीचा वास असलेला. मी क्लच सोडला की गाडी हिसका द्यायची आणि मागून किटलीत डुबुक असा आवाज यायचा. ते ओरडायचे नाहीत. नुसते म्हणायचे, “डुबुक केलीस.” आणि पुन्हा हात हातावर. “सोडू नको. दे. कुठं धरतोय ते आधी बघ, तिथं थांब, मग दे.”

भरलेली किटली त्या मानानं गरीब. अर्धी झाली की तिला पाय फुटतात. प्रत्येक गचक्याला दूध पुढच्या भिंतीवर जाऊन आपटतं, परत मागे येतं, आणि गाडी आपली राहत नाही. थंडीत असं हिंदकळलं तर म्हशीच्या दुधावर लोण्याचे मणी तरंगायचे. कोथरूडच्या एक आजी गाळणीत ते मणी धरून माझ्यासमोर नाचवायच्या, “आज पोरगा चालवत होता वाटतं!” त्या गाळणीची मला कॉलेज संपेपर्यंत भीती वाटत होती. पुढे वडील गेले त्या साली म्हशी विकल्या. एम-80 गोठ्यातच राहिली. तिच्या सीटवर आता कोंबडी अंडी घालते.

दुपारी दुसऱ्यांदा रेषेवर आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि डांबरावर हवा थरथरत होती. पुन्हा तेच: बारीक दिवा, बोटभर, दुसरा दिवा. मी हातमोज्यातली बोटं एकदा उघडून मिटली. पिवळा. या वेळी मी हिरव्याकडे पाहतच नव्हतो असं नव्हे, पण लक्ष सगळं डाव्या हाताकडे होतं, जिथे क्लच धरायला लागतो ती केसाएवढी जागा, जिथे गाडीचं अंग जरासं आखडतं, मागचं चाक जरासं बसतं, आणि अजून काहीच हललेलं नसताना सगळं निघालेलं असतं. तिथं थांब. हिरवा. मग दे. आणि मी दिला, मऊ, पण अडखळू न देता, जसा एखाद्याच्या हातात काठोकाठ भरलेला पेला देतात तसा, आणि ती नारिंगी गाडी हिसका न देता, पुढचं चाक न उचलता, नुसती निघाली. नंतर वारा छातीवर आला, दुसरा गिअर, तिसरा, कडेचं गवत पुसलं गेलं, कोराईगड डोळ्यांच्या कोपऱ्यातून मागे वाहून गेला, चौथा, पाचवा, हेल्मेटात वाऱ्याची एकच लांब शीळ, आणि त्या शिळेच्या आत कुठेतरी इतकी शांतता होती की मला मागच्या किटलीचा आवाज ऐकू आला असता.

आला नाही.

चिठोरीवर पहिले 60 फूट 2.2 सेकंद. पूर्ण पाव मैल 15.1. हरलोच. शेजारच्या पट्ट्यातलं दुसरंच कुणीतरी होतं आणि ते माझ्यापुढे होतं. मोठ्या गाड्या हेच अंतर दहा सेकंदांच्या आसपास कापून येत होत्या आणि त्यांच्या आवाजानं छातीची फासळी न् फासळी वाजत होती. त्यांच्यापुढे माझे पंधरा म्हणजे पायी चालणंच. तरी मी ती चिठोरी नीट घडी घालून लिंबाशेजारी ठेवली.

परत जाताना लोणावळ्याकडे न वळता मी सालतर, भांबर्ड्याचा रस्ता धरला. लांबचा आणि खडबडीत, पण तो ताम्हिणीच्या रस्त्याला लागतो आणि मग मुळशीच्या पाण्याच्या कडेकडेनं थेट घरी सोडतो. उजवीकडे तैलबैल्याच्या दोन भिंती मावळतीत तांबूस झाल्या होत्या. भांबर्ड्याच्या पुढे एका म्हाताऱ्यानं हात केला. डोक्याला मळकं मुंडासं, हातात ॲल्युमिनियमची किटली.

“पावनं, निव्यापत्तुर सोडता का? डेअरीची गाडी गावंल.”

“बसा, बाबा.”

ती मागची सीट म्हणजे बसण्यापेक्षा टेकण्याची जागा. ते कसेबसे चढले, किटली मांडीवर घेतली आणि तिचा थंड काठ माझ्या पाठीला लागला. क्लच कुठे धरतो ते पाहिलं, थांबलो, दिला. खड्ड्यांच्या रस्त्यावर बैलाच्या चालीनं निघालो.

थोड्या वेळानं मागून आवाज आला, “ह्यो आकडा कसला चिकटावलाय?”

“शर्यतीचा.”

“बैलांच्या? त्यास्नी तर बंदी हाय न्हवं.” बैलगाड्यांच्या शर्यती 2014 पासून कोर्टानं थांबवल्या होत्या त्या वर्षांतली ही गोष्ट.

“बैलांना आहे. हिला नाही.”

यावर ते खूप वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “किती पळायचं?”

“सरळ पाव मैल. घड्याळ लावून.”

“म्हंजी घाटच की आमचा! किती टायम लागला?”

“पंधरा सेकंद.”

“आमची जोडी बारा सेकंदांत यायची,” ते म्हणाले. बैलगाड्याचा घाट पाव मैलाहून बराच कमी असतो हे मी काही त्यांना सांगितलं नाही.

निवे आलं तेव्हा उजेड संपत आला होता. ते उतरले, किटली जमिनीवर टेकवली आणि झाकण काढून आत वाकून पाहिलं. बोटानं काठावरची साय तपासली. झाकण पुन्हा दाबून बसवलं. मग पहिल्यांदाच त्यांनी गाडीऐवजी माझ्याकडे नीट पाहिलं.

“घरी म्हस हाय का रं?”

“होती,” मी म्हणालो.